माशांचा टँक वरच्या मजल्यावर, संप (फिल्टरची वेगळी टाकी) खाली जिन्याखाली. पंप कुठला घेऊ, आणि लाईट गेली की काय?

ऑस्करप्रेमी_कोप
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याकडं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला. वरच्या हॉलमध्ये ४ फूट बाय दीड बाय २ चा टँक करून घ्यायचाय, मासे म्हणजे दोन ऑस्कर आणि थोडे सिल्व्हर डॉलर. ऑस्कर घाण किती करतात ते माहितेय सगळ्यांना, त्यामुळं संप पाहिजेच, पण स्टँडखाली ठेवला की हॉलमध्ये दिवसरात्र खळखळ, आणि मातोश्रींचं म्हणणं की पलीकडं देवघर आहे तिथं तो वास नको. म्हणून संप सरळ खाली जिन्याखालच्या खोलीत न्यायचा विचार चाललाय, तिथं नळ आहे मोरी आहे, पाणी बदलायला बादल्या चढवायला नकोत. पाइप डक्टमधनं जातील, स्लॅब फोडायचा नाही. स्लॅब ते स्लॅब १० फूट. दुकानदार म्हणतोय अर्धा एचपी मोनोब्लॉक (घरात पाणी चढवायची मोटर) टाका नि विसरा. दुसरा एकजण म्हणाला खाली येणाऱ्या पाण्याचा जोर वर जाणाऱ्याला मदत करतो, छोटा पंप पण चालेल. खरं काय? आणि पावसाळ्यात लाईट गेली की वरचं सगळं पाणी खोलीत येणार का?

रंकाळा_कट्टा
मदतबिदत काही नाही भावा. संप उघडा आहे, पाणी त्यात पडलं की जोर तिथंच गेला, पंपाला परत पूर्ण उंची उचलायचीच आहे. उंची मोजायची ती संपातल्या पाण्यापासून टँकातल्या पाण्यापर्यंत. तुझे १० फूट, स्टँड अडीच धरला, टँक २, त्यातनं संपातलं फूटभर वजा, म्हणजे साडेतेरा फूट, ४ मीटरच्या वरच. एल्बो नि घर्षण धरून ५ म्हण. आता खोक्यावर 'मॅक्स हेड ५ मीटर' लिहिलेला पंप ५ मीटरला पाणी देत नाही, तिथं तो शून्य देतो, आणि खोक्यावरचे लिटर असतात शून्य उंचीचे. त्यामुळं कर्व्ह (किती उंचीला किती पाणी मिळतं तो आलेख) बघ, ५ मीटरला तासाला १२००-१५०० लिटर मिळालं की तुला पुरे. कूलरचा पंप विसर. मोनोब्लॉक तर नकोच, अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, चोवीस तास चालला की रोजचे निदान ९ युनिट, वर आतलं बीड (ओतीव लोखंड) गंजणार. ७०-८० वॅटचा डीसी पंप घेतलास तर दिवसाला दोन युनिटच्या आत भागतंय.

कॅनिस्टर_वाला
एवढा कुटाणा कशाला? मोठा कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) घ्या नि तोच खाली ठेवा. बंद सर्किट, उंचीचा प्रश्नच नाही.

रंकाळा_कट्टा
उचलायचं नाही हे बरोबर, पण ४ मीटर पाणी म्हणजे ०.४ बार दाब, तो कायम झाकणाच्या रबरी रिंगवर बसणार की. ते डबे स्टँडखाली ठेवायला बनवलेत, किती खाली चालेल ते पुस्तिकेत दिलेलं असतंय, वाचा आधी. रिंग सुटली तर आख्खा टँक जिन्याखाली.

उद्यमनगर_फिटर
पंपाचं झालं. खरं डोकं उठतंय ते खाली येणाऱ्या पाइपानं. १० फुटावरनं पाणी नुसतं सोडून दिलंस तर ते हवा ओढत जातं, वर गुळगुळ, खाली धबधबा, संपात फेस. दोन लाईन टाक. एक सव्वा इंची, कायम पाण्यानं भरलेली, तिच्यावर खाली संपाजवळ गेट व्हॉल्व्ह (बॉल व्हॉल्व्ह नको, केसभर फिरवला तरी फार फरक पडतो). हळूहळू आवळत जायचं, वरच्या ओव्हरफ्लो बॉक्समधली (टँकातलं पाणी सांडून जिथनं खाली जातं तो कप्पा) पातळी थांबली की आवाज गायब. दुसरी दीड इंची, तोंड जरा वर, एरवी कोरडी. पहिलीत काही अडकलं तर हीच वाचवणार, म्हणून हिला व्हॉल्व्ह लावायचा नाही म्हणजे नाही. भरलेल्या लाईनचं खालचं तोंड संपात इंचभरच बुडव, जास्त बुडवलंस तर लाईट आल्यावर आतली हवा निघत नाही नि पाणी धरत नाही, मग सगळं त्या दुसऱ्या, इमर्जन्सी लाईनीतनं बोंबलत येतंय. पाइप यूपीव्हीसी घे, सीपीव्हीसी गरम पाण्याला, इथं पैसे वाया. ९० च्या एल्बोऐवजी ४५ चे दोन, पंपाला युनियन (खोलता येणारा जोड), डक्टमध्ये क्लॅम्प जवळजवळ, भरलेला पाइप जड असतो.

ऑस्करप्रेमी_कोप
लय भारी माहिती. मग रिटर्नला (पंपाकडनं वर जाणाऱ्या पाइपाला) नॉनरिटर्न व्हॉल्व्ह लावला की लाईट गेल्यावर पाणी खाली येणारच नाही ना?

उद्यमनगर_फिटर
लाव हवा तर, पण हिशेब तो नाहीच असं धरून कर. फ्लॅपमध्ये एक बारकी गोगलगाय बसली की झालं. तुझ्या टँकची १ इंच पातळी म्हणजे १४ लिटर. रिटर्नचं तोंड पाण्याखाली इंचभर ठेवलंस तर तेवढं उतरलं की हवा शिरते नि सायफन (पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) तुटतो. तेच तोंड ६ इंच खाली नेलंस तर ८५ लिटर खाली, कर मग मोरीची पूजा. त्यात बॉक्समधलं पाच आणि पाइपांतलं सहाएक लिटर मिळव, २५ धर. संप ३ फूट बाय सव्वा बाय सव्वा केलास तर काठोकाठ १३० बसतं, तू ८० वर चालव. उलटं पण बघ, दोन्ही लाईन तुंबल्या तर पंप संपातल्या त्याच्या कप्प्यातलं सगळं वर फेकणार. म्हणून तो कप्पा १५-२० लिटरचाच ठेव आणि टँक काठापासून दीड इंच रिकामा. कप्पा लहान म्हणजे बाष्पीभवनानं पातळी लवकर उतरणार, रोज नजर टाकायची, पंप कोरडा चालला तर जळतो.

नागाळा_पार्क
तळमजल्यावर संप म्हटलं की आम्हाला पुराचा २०१९ चा ऑगस्ट नि २०२१ चा जुलै आठवतो 😅 कळंब्याला नदीची भीती नाही, तरी सॉकेट कमरेच्या वर घे, वायर आधी खाली झुकवून मग वर ने म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही, आणि त्या लाईनला आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पाहिजेच. वर एक हवेचा पंप इन्व्हर्टरवर टाक. मोठा पंप इन्व्हर्टरवर नको, बॅटरी खाऊन टाकेल.

ऑस्करप्रेमी_कोप
टँकवाल्याला उद्या सांगतो. गेट व्हॉल्व्ह पितळी घरात पडलाय, तोच वापरू का?

उद्यमनगर_फिटर
ऑस्करला चालून जाईल. पितळेत तांबं असतं आणि ते कोळंबी-गोगलगायींना सोसत नाही, पण ऑस्करच्या टँकात कोळंबी टिकतेय कुठं, नाश्त्यालाच संपेल. भोकं मात्र काच चिकटवायच्या आधी पाडून घे, आणि तळाची काच टफन नको, टफनला ड्रिल लावला की चुरा होतो.