मदत हवी आहे: आडनावातल्या 'पोत'चा अर्थ काय? (आज रात्रीच्या आत)

मीनल_ठाणे:
नमस्कार मंडळी. आमच्या आडनावात 'पोत' आहे, त्याचा अर्थ नक्की काय? कुलवृत्तांताची प्रस्तावना आज रात्री छापखान्यात जायची आहे. चुलतसासरे म्हणतात, पोत म्हणजे कापडाचा पोत, आपले पूर्वज कापडाची पारख करायचे, तसंच लिही. मला पटत नाही, पण खोडून काढायला हाताशी काही नाही. एकदा छापलं की पुढच्या तीन पिढ्या तेच सांगत राहणार. प्लीज लवकर.

तुळजाई:
अहो, पोत म्हणजे देवीचा पोत! कापडाचा पीळ तेलात भिजवून पेटवतात आणि गोंधळात नाचवतात. तुमच्या घराण्याकडे पोत धरायचा मान असणार. कुलस्वामिनी तुळजाभवानी ना? आमच्याकडे अजून लग्नानंतर गोंधळ घालतात. धाकट्या दिरांनी यंदा पहिल्यांदा पोत हातात घेतला तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मोडीवाचक:
ताई, पूर्ण आडनाव काय? पोतदार, पोतनीस, की आणखी काही? मूळ गाव? जुने कागद आहेत का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

दर्याकिनारा:
संस्कृतात पोत म्हणजे नौका. तेव्हा हे घराणं आरमाराकडचं, जहाजांचा हिशेब ठेवणारं. कोकणात चौकशी करा. प्रत्येक शब्द फारसीतून आला असं समजायची सवय लागली आहे लोकांना.

मीनल_ठाणे:
पोतनीस. लिहिलंय असंच वाटलं मला, माफ करा. गाव सातारा जिल्ह्यातलं, समुद्राशी काही संबंध नाही. कागदांचा एक रुमाल आहे, लाल कापडात बांधलेला, पण मोडी कुणालाच वाचता येत नाही. कुलस्वामिनी वगैरे सगळं पुस्तकात आहे, मला फक्त अर्थ हवाय.

नावदुरुस्ती:
पासपोर्टवर आणि आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधी राजपत्रात नाव छापून घ्या. माझ्या मुलाच्या व्हिसाच्या वेळी फार धावपळ झाली.

मोडीवाचक:
पोतनीस म्हटल्यावर सरळच आहे. 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पारसनीस, सगळे त्यातलेच. 'पोते' म्हणजे रोकड खजिना. शिवकाळातल्या बारा महालांच्या, म्हणजे सरकारी खात्यांच्या, यादीत पागा, टांकसाळ, कोठी यांच्यासोबत 'पोते' आहेच. आणि प्रत्येक खात्याला आठ दरकदार, म्हणजे अधिकारी, असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. रोख किती आली, किती गेली, हे पोतनिसानं लिहायचं. नाणं खरं की खोटं ते पोतदारानं पारखायचं. तुमच्या सासऱ्यांची 'पारख' तिकडून आली असेल.

दर्याकिनारा:
पण संस्कृत पोत आहेच ना? तो कसा नाकारणार?

मोडीवाचक:
शब्द आहे, नाकारत नाही. पण या आडनावात तो नाही. दिवाणापासून पोतनिसापर्यंत ही आठ माणसं घाटावरच्या खात्यांतही होती, तिथं कसली जहाजं? 1674 च्या राज्याभिषेकानंतर वरच्या पदांना संस्कृत नावं मिळाली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही तयार झाला. तरी खालच्या कारकुनांची फारसी नावं टिकली आणि पुढे आडनावं झाली. नाना फडणीस मूळचे भानू. मीनलताई, तुमच्याही घराण्याचं आधीचं आडनाव वेगळं असू शकतं, वंशावळीची पहिली पानं बघा.

विणकर_येवला:
कापडाचा संबंध अगदीच तोडू नका. फारसीत 'फोता' म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, तसंच पैशाची थैली, आणि सरकारी वसूलसुद्धा. फोतेदाराचा पोतदार झाला तो त्यातूनच. माझी आजी बाजाराहून आली की लुगड्याच्या कनवटीची गाठ दातानं सोडायची आणि घामानं ओलसर झालेल्या नोटा पाटावर मांडायची. कापड आणि खजिना एकच कसे, ते मी तिथं पाहिलंय. विणीच्या पोताचा मात्र इथं संबंध नाही. तो आम्ही बोटांनी चाचपून सांगतो, दाट की विरळ. ते काम वेगळं.

तुळजाई:
आणि काळ्या मण्यांची पोत? ती राहिलीच की.

मीनल_ठाणे:
विणकरदादा, मोडीवाचक, मनापासून आभार. मुलाला आता रुमाल सोडायला लावला. पहिल्याच कागदाचा फोटो टाकला आहे. वरून तिसऱ्या ओळीतला शब्द काय आहे, बघाल का?

मोडीवाचक:
'पोते'. पुढे 'जमा', आणि मग रुपयांचा आकडा. हा हिशेबाचाच कागद आहे ताई. कोपरा दुमडला आहे, तो ओढू नका, तसाच राहू द्या.

मीनल_ठाणे:
सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रोकड सांभाळणारे होतो तर." प्रस्तावना बदलून पाठवते.

अवनी_नाशिक:
मी माहेरची जामदार. वरच्या आठ जणांत आमचंही नाव दिसलं. आमच्याकडे काय होतं?

मोडीवाचक:
फारसीत जामा म्हणजे वस्त्र, पायजाम्यातला तोच. जामदार मूळचा वस्त्रं सांभाळणारा. पुढे जामदारखान्यात दागिने, उंची वस्त्रं, रोकड सोडून जे मोलाचं ते सगळं आलं. कापडाचं आडनाव खरं तुमचं आहे.