गाढवांच्या रक्ततपासणीत उन्हाचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वीटभट्टीवरच्या आठ गाढवांचं रक्त उन्हाळ्यात तपासतोय. सगळी मोठी, गाभण एकही नाही. खेपा पहाटे चारला सुरू, अकराला बंद, पाणी त्यानंतरच.

सकाळी सहा आणि दुपारी तीनला मानेच्या शिरेतून रक्त घेतो. दुपारी ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, नाकपुड्या लोहाराच्या भात्यासारख्या, पण पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) जवळपास तोच. गाढवाच्या अंगातलं पाणी १२-१५ टक्के घटेपर्यंत पीसीव्ही फारसा चढत नाही, त्यामुळे त्यावर विसंबत नाही. ग्लुकोज दुपारी कमी यायचं. पण लॅब चार तासांवर, तेवढ्यात नळीतल्या पेशीच साखर खातात. आता करड्या झाकणाची, साखर टिकवणारी नळी आणि बर्फाचा डबा वापरतो.

खरी अडचण पुढेच. कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) तसंही सकाळी जास्त असतं, सीके (स्नायूंतलं एंझाइम) नुसत्या कामानंही वाढतं. मालक दोनदाच सुई टोचू देतो. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, "डॉक्टर, रगात संपंल की त्याचं!" पैसेही सहाच चाचण्यांचे.

अमावास्येला भट्टी बंद असते. त्या दिवशी चार गाढवं सावलीत, चार उन्हात, सगळ्यांपुढे पाणी ठेवून याच वेळांना रक्त घेतलं तर तुलना ग्राह्य ठरेल का? आणि सोडियम, क्लोराइड, क्रिएटिनिन, एकूण प्रथिनं, ट्रायग्लिसराइड यांच्या जोडीला सहावी चाचणी तुम्ही कोणती ठेवाल?