सुख मोजणारं सरकार? भूतानहून आल्यावर पडलेला प्रश्न

भटका_सातारकर:
नुकताच भूतानला जाऊन आलो. आपल्याला दर रात्री माणशी १,२०० रुपये शुल्क पडतं, पण देश देखणा. त्यांच्या २००८ च्या राज्यघटनेतच 'सकल राष्ट्रीय सुखा'साठी राज्याने झटावं असं लिहिलंय. दवाखाना फुकट. तरी पारोहून निघताना गाडीवाला म्हणाला, "बहीण ऑस्ट्रेलियात पर्थला गेली, मीही कागद भरलेत." मग हे सुख मोजून उपयोग काय?

निवृत्त_ग्रामसेवक:
कोकणात तीस वर्षं ग्रामसेवकी केली, म्हणून बोलतो. भूतान सरकार लोकांचं सुख मोजायला पाहणी करतं, तिच्यातले ३३ निर्देशक मुलाने फोनवर दाखवले. ध्यानधारणा वगैरे वाचून हसू आलं. पण पुढे झोप किती तास, काम किती तास, आणि रानातल्या जनावरांनी पिकाचं नुकसान किती, हेही होतं. तिथे थांबलो.

मी आयुष्यभर प्रपत्रं भरली. शौचालयं किती, घरकुलं किती, वसुली किती टक्के. माकडांपायी शेती कोणी सोडली, हा रकाना एकातही नव्हता. आमच्या वाडीतल्या एका काकूंनी भुईमूग, रताळी, भेंडी सगळं बंद केलं. दिवसा वानर, रात्री डुकरं हाकायला पत्र्याचे डबे बडवत जागरण. भरपाईसाठी अर्ज, पंचनामा, पुन्हा हेलपाटा. एसटीचं भाडं सुटलं तरी नशीब. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, रेशनचा तांदूळ आहे. आता गप निजते."

आमच्या दफ्तरी काकू म्हणजे यशस्वी लाभार्थी. भूतानच्या कागदावर निदान त्यांची झोप तरी मोजली गेली असती. सरकारने सुख द्यावं असं माझं म्हणणं नाही, ते त्याच्या बापालाही जमायचं नाही. छळतंय काय, ते तरी विचारावं.

इंदुरी_जीरावण:
काका, आमच्या मध्य प्रदेशात २०१६ मध्ये सरकारने आनंद विभागच काढला! घरातलं जास्तीचं सामान एका जागी ठेवायचं, गरजूने न्यायचं, असेही उपक्रम. वाईट नाही. पण आई विचारते, "नळाला पाणी कधी येणार, हे आनंद विभागाला विचारता येतं का रे?"

कोरा_कागद:
एक राहून जातंय. १९९० च्या सुमारास त्याच भूतानमधून नेपाळीभाषक लाखभर लोकांना बाहेर पडावं लागलं. वर्षानुवर्षं ते नेपाळमधल्या छावण्यांत राहिले. ज्यांना नागरिकच मानलं नाही, त्यांची झोप कुठल्या रकान्यात?

भटका_सातारकर:
हे तिथे कुणीच बोललं नाही. मीही विचारलं नाही म्हणा. काका, त्या काकूंचं पुढे काय झालं?

निवृत्त_ग्रामसेवक:
परसात थोडी हळद लावतात आता. वानर हळदीच्या वाटेला सहसा जात नाही.