पैठणी रेंडरमध्ये प्लास्टिकसारखी दिसते

प्रश्न:
आईची मोरपंखी पैठणी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतोय, रेंडर (अंतिम चित्र) त्यातल्याच सायकल्स इंजिनवर. उभा धागा निळा, आडवा हिरवा. हातात धरून मनगट जरा वळवलं की निऱ्यांच्या कडांवर हिरवा रंग सरकतो. माझ्याकडे मात्र एकच मधला निळसर-हिरवा येतो, पावसाळी रेनकोटसारखा. रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) ०.२ ते ०.६ सगळं करून पाहिलं, शीन (कडांवरची मऊ झळाळी) हेही वाढवलं. काय चुकतंय?

उत्तर १:
शीन आधी शून्य करा. ते मखमल, लोकर अशा लव असलेल्या कापडासाठी. रेशमाची चमक धाग्याच्या अंगावरून येते.

उत्तर २:
दोन रंग एका बेस कलरमध्ये (मूळ रंगात) मिसळलेत, तिथेच धूपछाव, म्हणजे कोन बदलला की रंग बदलणं, गेली. प्रत्येक धागा म्हणजे बारीक नळकांडं. त्यावरची चमक धाग्याला आडवी पसरते. म्हणून दोन ग्लॉसी शेडर (चकाकी ठरवणारे घटक) घ्या, एक निळा, एक हिरवा. दोन्हींची अ‍ॅनिसोट्रॉपी ०.८ च्या आसपास (त्याने चमक एका दिशेने ताणली जाते), एकाचं रोटेशन (त्या ताणाची दिशा) ०, दुसऱ्याचं ०.२५, म्हणजे ९० अंश. मिक्स शेडरने जोडा. टॅन्जंट (ताणाची आधारदिशा) यूव्ही मॅपवरून, म्हणजे कापड सपाट उलगडलेल्या नकाशावरून, द्या आणि यूव्ही धाग्यांच्या दिशेने सरळ ठेवा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. जरीला वेगळं मटेरियल, मेटॅलिक १, म्हणजे पूर्ण धातू.

प्रश्नकर्ता:
जमलं! पदराच्या घडीवर निळ्यातून हिरवा अगदी तसाच उतरतोय. आईला स्क्रीन दाखवली, तर तिने आधी काठाची जरी निरखली. म्हणाली, इतकी पिवळी नाही रे, जुनी झालीय ती. आता तोच रंग उतरवतोय.