बरं न झालेल्याला 'विश्वास कमी पडला' म्हणणं येशूला चालेल का?

मीरा_वसई
चंगाईच्या सभांना, म्हणजे आजारी बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनासभांना, माझा विरोध नाही. आजाऱ्यावर हात ठेवा, रात्रभर प्रार्थना करा. माझा राग एकाच वाक्यावर आहे: "तुमचा विश्वास कमी पडला." माझ्या मावशीची किमो चालू असताना एका सभेत तिला हे ऐकवलं. आधीच खंगलेली बाई, वर हा ठपका! जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कोणाचंही नाही (बायबल, योहान 9). आणि बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं आजारी असलेल्याला तर आपल्याला बरं करणारा कोण हेही माहीत नव्हतं. त्याचा विश्वास कोणी मोजला होता?

साक्षीदार_पुणे
ताई, मावशींना तसं बोलायलाच नको होतं. पण वचनं तुम्ही सोयीची निवडलीत. 12 वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईने वैद्यांवर होतं नव्हतं ते घालवलं, गुण आला नाही. तिला प्रभू म्हणाला, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. नासरेथात, येशूच्या स्वतःच्या गावात, लोकांचा अविश्वास आड आला, हेही बायबलमध्ये मार्कानेच लिहिलंय. याकोबाचं पत्र तर स्पष्ट सांगतं: मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा. तुमचं ऐकलं तर उद्या मंडळी आजाऱ्याच्या उशाशी बसून "देवाची इच्छा" एवढंच म्हणेल आणि घरी जाईल.

मीरा_वसई
ती विश्वासाने बरी झाली, म्हणून बऱ्या न झालेल्यांकडे विश्वास नव्हता असं कसं ठरतं? प्रेषित पौलाने 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली. गेला नाही. सोबती त्रफिमाला तो मिलेत शहरात आजारीच सोडून आला, शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. पौलाचाही विश्वास कमी पडला म्हणायचा का?

विवेकी_सातारा
मी बाहेरचा, तरी विचारतो. बरा झाला तर देवाने केलं, नाही झाला तर विश्वास कमी किंवा देवाची योजना. मग हे तपासायचं कसं? फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानाला 1858 पासून लाखो आजारी गेले. चर्चने मान्य केलेले चमत्कार सत्तरच्या आसपास. आपल्याकडे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवणं गुन्हा आहे. कॅन्सरच्या पेशंटला सभेत अडकवून ठेवणाऱ्याचं काय?

सिस्टर_मिरज
लूर्दचा आकडा लहान आहे तो चाळणी कडक असल्यामुळे. तिथे डॉक्टर कागद तपासतात, औषधाने गुण आला असेल तर ते प्रकरण चमत्कार म्हणून पुढे जात नाही. पण मला आकड्यांवर वाद घालायचा नाही. आमच्या मिरजेत 1894 मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत एक निवडा, असं त्यांना कधी वाटलं नाही. कुष्ठरोग्याला येशू नुसत्या शब्दाने बरं करू शकला असता. त्याने आधी हात लावला, ज्याला कोणी शिवत नव्हतं त्याला. माझ्यासाठी करुणा ती. बरं होणं त्यानंतर आलं.

आणि साक्षीदारदादा, "आता प्रभूच बघेल" म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेले पेशंट मी पाहिलेत. पाय काळा पडल्यावर येतात. तेव्हा तो कापावा लागतो. सभेतलं कोणी सोबत नसतं.

साक्षीदार_पुणे
गोळ्या बंद करा असं आमच्याकडे कोणी सांगत नाही. पण सभेत कोणी उठून "मी औषध सोडलं" अशी साक्ष दिली, म्हणजे आपला अनुभव सांगितला, की टाळ्या पडतात, हे खरं आहे. ते थांबायला हवं, पाळकांशी बोलतो. बरं होण्याची मागणी मात्र सोडणार नाही. प्रभूने मागायला सांगितलंय.

विवेकी_सातारा
माझा प्रश्न तसाच राहिला. टाळ्यांबद्दल मानलंत, तेवढ्यावर सहमत.

मीरा_वसई
मागा दादा, मीही मावशीसाठी रोज मागते. फक्त पुढच्या सभेत साक्षीला माइक फिरेल तेव्हा बऱ्या न झालेल्यांकडेही जाऊ द्या. मावशी यायला तयार आहे.