कावीळ, टाकी आणि दिरांचा आजार

सी-४०३ : सर्वांना नमस्कार. माझ्या मोठ्या दिरांना यकृताचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर ‘लिव्हरचा कॅन्सर पिणाऱ्यांनाच होतो’ असे ज्यांनी काल सोसायटीच्या या ग्रुपवर लिहिले, त्यांच्या माहितीसाठी सांगते की भाऊजींनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. त्यांना हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा संसर्ग होता आणि तोही कर्करोगाच्या तपासण्यांतच उघड झाला.

ए-१०२ : वहिनी, माझा रोख त्यांच्यावर नव्हता, तरी शब्द मागे घेतो. मात्र कावीळ पाण्यातून पसरते आणि आपल्या टाकीची सफाई रखडली आहे, हे मी तिसऱ्यांदा लिहीत आहे.

बी-६०१, डॉक्टर : काका, दूषित पाण्यातून पसरतात ते हिपॅटायटिसचे ए आणि ई हे विषाणू, आणि ती कावीळ बहुधा काही आठवड्यांत ओसरते. बी आणि सी रक्तातून लागतात, बी तर बाळंतपणात आईकडून बाळालाही. ते वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून बसतात, यकृत निबर व गाठाळ होत सिरॉसिस होतो आणि बहुतेकदा त्यातच कर्करोग उद्भवतो. बीमुळे तो सिरॉसिसशिवायही होऊ शकतो. दारू हे कारण आहेच, पण मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारे फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, हेही आहे. सोनोग्राफीत ‘ग्रेड टू’ वाचूनही रिपोर्ट कपाटात ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ए-२०४ : हा टोमणा मला आहे, हे तीनही विंगना कळले. मग महिला मंडळाने संक्रांतीला घेतलेल्या बुरशीच्या शेंगदाण्यांबद्दलही दोन शब्द लिहावेत.

बी-६०१, डॉक्टर : लिहितो. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे आणि दाणे भाजल्याने ते पूर्ण जात नाही. उरलेले पोते टाकून द्यावे.

सी-४०३ : भाऊजींना दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटे आणि पट्टा दोन भोके आत गेला, तरी आम्ही ॲसिडिटीच समजत राहिलो. उजव्या बरगडीखाली दुखू लागल्यावर सोनोग्राफी झाली. पण तपासणीसाठी गाठीचा तुकडा न काढताच निदान कसे केले, असे घरचे विचारतात.

बी-६०१, डॉक्टर : सिरॉसिस किंवा जुना बी असलेल्या रुग्णात बहुधा तीन टप्प्यांच्या सीटी स्कॅनवर भागते. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते, तर ही गाठ धमनीवर पोसते. म्हणून रंगद्रव्य टोचल्यावर ती आधी उजळते आणि नंतर भोवतालापेक्षा काळसर दिसते. रक्तातील एएफपी (या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन) नॉर्मल आले, तरी आजार नाही असे ठरत नाही. सिरॉसिसच्या रुग्णाने म्हणूनच दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करावी.

ए-१०२ : डॉक्टर, १९८७ साली ऑपरेशनच्या वेळी मला दोन बाटल्या रक्त चढवले होते.

बी-६०१, डॉक्टर : सी विषाणूचा शोधच १९८९ मध्ये लागला, त्यामुळे त्या बाटल्या त्यासाठी तपासल्या जाणे शक्यच नव्हते. उद्याच बी आणि सी या दोन्हींची रक्ततपासणी करा. सी आता गोळ्यांनी बरा होतो.

ए-१०२ : करतो. टाकीचे मात्र चौथ्यांदा लिहितो.