नायकात काहीच खोट नाही, तरी वाचक त्याच्यावर भाळत का नाहीत?

शाईडाग:
क्रमशः प्रेमकथा चालू आहे. आराखडा ४० भागांचा, १४ झाले. नायक देखणा, पुण्यात स्वतःची कंपनी, घरच्यांचा लाडका, पहिल्या भागापासून नायिकेवर जीव टाकणारा. प्रतिसादांत मात्र सगळे त्याच्या उद्धट मित्राबद्दल विचारतात, जो जेमतेम तीन प्रसंगांत आलाय! नायकात काय घालू? थोडा राग? एखादं जुनं प्रकरण?

कंदीलवाली:
घालू नका, काढा. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला मिळवायचं काय? वाचकाने त्याची काळजी करायची कशासाठी?

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला (१८१३) नायक डार्सी उलगडून बघा. श्रीमंत, देखणा तोही आहे, पण नुसत्या त्यावर तो कुणाला आवडत नाही. गावातल्या लोकांनाही तो एका संध्याकाळीत नकोसा होतो. एकूण प्रकरणं ६१. तिसऱ्यात तो नायिकेचा, एलिझाबेथचा, अपमान करतो आणि तिला ते ऐकू जातं. सहाव्यात तिचे डोळे त्याच्या नजरेत भरायला लागतात. वाचकाला हे कळतं, तिला नाही. वाचक इथे अडकतो. तुमच्या नायकाचं प्रेम पहिल्याच भागात जाहीर झालंय, त्यामुळे वाचकाकडे राखायला गुपितच उरलं नाही.

३४ व्या प्रकरणात तो मागणी घालतो, तीही तिच्या माणसांची लायकी काढत. नकार मिळतो. पुढच्या प्रकरणात तो पत्र देऊन निघून जातो, आणि पत्रात पुन्हा मागणी नाही, फक्त तिच्या आरोपांचा खुलासा. ४३ व्यात त्याच्या घरची कारभारीण सांगते की चार वर्षांचा असल्यापासून ओळखते, कधी वेडावाकडा शब्द ऐकला नाही. स्वतःची तारीफ नायक स्वतः करत नाही, दुसऱ्याच्या तोंडून येते, तीही रोज त्याच्या घरात वावरणाऱ्या माणसाच्या. मग ५२ वं: तिच्या पळून गेलेल्या बहिणीचं लग्न लागावं म्हणून त्याने त्या मुलाचं हजार पौंडांहून बरंच जास्त कर्ज फेडलं, बहिणीच्या नावे आणखी हजार ठेवले, मुलाला सैन्यात पद विकत घेऊन दिलं. वर अट अशी की एलिझाबेथच्या घरी कळता कामा नये. बहिणीच्या तोंडून चुकून निसटतं म्हणून मामीला पत्राने विचारणा होते आणि उलगडा होतो. पैशापेक्षा मोठी किंमत कोणती, तर ज्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्याशीच घासाघीस करावी लागली.

तुमच्या ४० भागांत हिशेब बसवलात तर नकार साधारण २२ व्या भागात, कारभारीण २८ व्यात, गुपित ३४ व्यात. अजून वेळ गेलेली नाही.

मोहोर:
कंपनी म्हणजे कसली कंपनी, हे १४ भागांत कळलंय का? केबिन, गाडी, 'मीटिंग आहे' एवढंच असेल तर तो माणूस कामाचा वाटत नाही, नुसता श्रीमंत वाटतो. त्याच्या धंद्यातल्या निदान तीन गोष्टी हाताने करताना दाखवा. देवगडचा बागायतदार असेल तर झेल्याने (लांब काठीला लावलेल्या जाळीने) आंबा काढताना देठ राखणारा दाखवा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि पेटीचा भाव उतरतो. घाईत गड्याने अशी चार फळं नासवली, तर हा काय बोलतो? स्वभावाचं पानभर वर्णन करण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त सांगून जातं.

सायली_जाई:
कंदीलवालींशी सहमत, पण एक धोका आहे. डार्सीवरून लिहायला बसलेले लोक बहुतेक उद्धटपणाच उचलतात, पत्र देऊन निघून जाणं विसरतात. मग मनगट धरणं, फोन आपटणं, पाठलाग, आणि हे सगळं 'पझेसिव्ह' म्हणून गोड. साधी कसोटी: हेच वागणं नायकाऐवजी नायिकेच्या चाळीतल्या टक्कल पडलेल्या, कर्जबाजारी माणसाने केलं तर ती घाबरेल का? घाबरणार असेल तर प्रसंग काढा.

लग्नानंतरचं प्रेम लिहिणार असाल तर वेगळं गणित. तिथे नायक ठरतो तो सासूसमोर. खोलीत येऊन 'आईचं मनावर घेऊ नकोस' म्हणणारा वाचकांच्या डोक्यात जातो. चारचौघांत, आईचा अपमान न करता, एक वाक्य बोलून तिची बाजू घेणारा आवडतो. तेवढं एकच वाक्य पुरतं, भाषण नको.

आणि तू-तुम्ही सांभाळा. मराठीत हा फुकटचा मौल्यवान ऐवज आहे. ती 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी येते, हा अख्खा प्रसंग होऊ शकतो, पण एकदाच. क्रमशः लिखाणात सातव्या भागात 'तू' आणि नवव्यात परत 'तुम्ही' होतं, आणि वाचक ते बरोब्बर पकडतात. वहीत जोडीजोडीने लिहून ठेवा, कोण कुणाला काय म्हणतं.

शाईडाग:
वही आजच करतो. पण मित्राचं काय? तो तर डार्सीसारखं काहीच करत नाही.

कंदीलवाली:
त्या तीन प्रसंगांत त्याला काय हवं असतं?

शाईडाग:
पहिल्यात उसने पैसे. दुसऱ्यात नायिकेने त्याच्या बहिणीला शिकवावं अशी विनंती. तिसऱ्यात माफी.

कंदीलवाली:
आणि नायकाला, १४ भागांत?

शाईडाग:
...नायिका. पण ती त्याला हो म्हणणार हे सगळ्यांनाच माहीत आहे.

सायली_जाई:
मग २२ व्याची वाट बघू नका, पंधराव्यातच तिला नाही म्हणू द्या. कारण खरं द्या, गैरसमज नको. गैरसमज एका फोनने मिटतो आणि वाचक चिडतात. 'नाही' आलं की भाग तिथेच तोडा, त्याला समजावायला लावू नका.

मोहोर:
आणि सोळाव्याची सुरुवात त्याच्या कामावर करा. त्या दिवशी त्याच्या हातून काय बिघडतं ते दाखवा.